हवाई टपालाची एक फ्रेम : प्रकल्प नोंदी

८ जून

जिल्हा टपाल तिकीट प्रदर्शनाचा फॉर्म भरून दिला. विभाग हवाई टपाल, एक फ्रेम. एक फ्रेम म्हणजे ए-फोर आकाराची १६ पानं, चार ओळी, ओळीत चार. पहिलं पान शीर्षक आणि आराखड्यात जाणार, त्यामुळे हाताशी राहिली १५.

सामान भरपूर आहे, अडचण तीच आहे. वडिलांचे अल्बम, मी घेतलेली पाकिटं, देशोदेशीची विमानछाप तिकिटं. निवडीसाठी वहीत एकच कसोटी लिहून ठेवली: विमानाचं चित्र आहे म्हणून तिकीट हवाई होत नाही. विमानाने जाण्याचं जादा हशील ज्याने भरलं ते हवाई तिकीट. त्याच्यावर गरुड असो, पंख असोत नाहीतर नुसता काळा छाप असो. आपला १९७९चा टपाल वाहणाऱ्या विमानांचा संच, पुस मॉथपासून बोइंग ७४७ पर्यंतचा, दिसायला देखणा आहे. पण तो स्मारक संच. तो अल्बममध्येच बरा.

१० जून

जग किती घ्यायचं? संध्याकाळभर टेबलावर पसारा मांडून बसले.

पॅरिसला १८७०–७१मध्ये प्रशियाच्या फौजांचा वेढा पडला तेव्हा बलूनमधून पत्रं बाहेर गेली. वारा नेईल तिकडे. पातळ कागदावरची ती पत्रं आजही संग्राहकांची लाडकी. पण त्यासाठी वेगळं तिकीट निघालं नव्हतं. सरकारी टपालखात्याचं पहिलं हवाई तिकीट इटलीचं, मे १९१७चं. तेही नवं छापलेलं नव्हे: २५ सेंटेसिमींच्या एक्स्प्रेस तिकिटावर तोरिनो–रोम प्रायोगिक टपालाचा मजकूर छापला आणि काम भागवलं. मला हे तिकीट फार आवडतं. नव्या गोष्टीचं पहिलं तिकीट असंच असायला हवं, घाईत, जुन्यावर शिक्का मारून.

मग अमेरिका, १९१८, २४ सेंट. पाहुण्यांना तिकिटांबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते आणि ती हीच: ‘उलटी जेनी’ (जेनी हे त्यावरच्या विमानाचं टोपणनाव). विल्यम रोबी नावाच्या कारकुनाने १४ मे १९१८ला वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीत २४ डॉलरला १०० तिकिटांचं पान घेतलं, त्यात विमान उलटं छापलेलं होतं. आठवड्याभरात त्याने ते १५,००० डॉलरला विकलं. २०२३मध्ये त्यातलं एक तिकीट लिलावात २० लाख डॉलरच्या पुढे गेलं.

मला मात्र त्याच तिकिटाची दुसरी बाजू जास्त खुणावते. तिकिटातल्या विमानावर ३८२६२ हा क्रमांक बारीक अक्षरांत आहे. १५ मेला त्याच क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनहून पहिली टपाल पिशवी घेऊन उडालं. वैमानिक जॉर्ज बॉइल दिशा चुकला आणि मेरीलँडमध्ये वॉल्डॉर्फला उतरताना विमान पालथं झालं. म्हणजे छापखान्यात उलटं आणि शेतातही उलटं! आणि दर पाहा: मेमध्ये २४ सेंट, जुलैत १६, डिसेंबरात ६. लोकांना घाई होती, पण २४ सेंटांची नव्हती.

एवढं सगळं लिहूनही जग बाहेर. एका फ्रेममध्ये जग कोंबलं की परीक्षक पहिल्या ओळीतच कंटाळतात. भारत घेते. वर्षं १९११ ते… शेवट अजून ठरत नाही.

१४ जून

कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथ यांचं रॉकेट टपालही बाहेर काढलं, जीव थोडा हळहळला. १९३५मध्ये त्यांनी दामोदर नदीपलीकडे रॉकेटमधून कोंबडा-कोंबडी पाठवली आणि दोघं जिवंत उतरली. टपालखात्याने १९९२मध्ये त्यांच्यावर तिकीटही काढलं. कोणाला सांगायला याहून छान गोष्ट नाही. पण माझ्या कसोटीत कोंबड्या बसत नाहीत.

२२ जून

पान २ आणि ३: अलाहाबाद, १८ फेब्रुवारी १९११.

हकिगत थोडक्यात अशी. संयुक्त प्रांताचं औद्योगिक आणि शेती प्रदर्शन अलाहाबादला भरलं होतं. कॅप्टन वॉल्टर विंडहॅम तिथे विमानं दाखवायला घेऊन आले होते. शहरातल्या ऑक्सफर्ड अँड केंब्रिज हॉस्टेलला पैशांची गरज होती. हॉस्टेल चालवणाऱ्या पाद्र्यांनी विंडहॅमना गाठलं आणि त्यातून कल्पना निघाली: विमानातून पत्रं न्यायची, प्रत्येक पत्रामागे ६ आणे घ्यायचे आणि ते हॉस्टेलला द्यायचे. टपालखात्याने परवानगी दिली, अलीगढच्या टपाल कारखान्यात खास शिक्का कोरला गेला. तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक आंरी पेके सुमारे ६,५०० पत्रं घेऊन हंबर-सॉमर जातीच्या विमानाने उडाला, यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर दहाएक किलोमीटर, वेळ १३ मिनिटं. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल.

नैनीला पत्रांची कोणीच वाट पाहत नव्हतं, हे मला या सगळ्यात फार गमतीचं वाटतं. तिथून ती नेहमीच्या रेल्वेने, बोटीने जगभर गेली. विमानाने वेळ वाचवला नाही, उलट थोडा वाढवलाच असेल.

माझ्याकडे मूळ पत्र नाही, ते परवडणारं नाही. एका विक्रेत्याकडे ऑनलाइन एक कार्ड दिसलं, किंमतही आवाक्यातली. मागच्या बाजूचा फोटो मागितला तर उत्तर बंद. मग मीही बंद. या शिक्क्याच्या नकला बाजारात फिरतात आणि मागची बाजू न दाखवणारं पाकीट मी घेत नाही.

म्हणून पान २वर क्लबातल्या काकांचं पत्र उसनं घ्यायचं ठरलं. प्रदर्शनात वस्तू मालकाच्याच नावावर असावी लागते हे ते विसरले नव्हते. त्यांनी ते मला सरळ विकलं, हप्त्यांवर! “अगं, माझ्या मुलांना यातलं काही कळत नाही. तुझ्या फ्रेममध्ये तरी लागेल.”

आता ते समोर आहे. शिक्का गोल, किरमिजी शाईचा, मध्ये डोंगर आणि त्यावर दोन पंखी विमान. हे सगळेच पाहतात. मी भिंग तिकिटावर नेलं. तिकीट सातव्या एडवर्डचं. तो मे १९१०मध्येच वारला होता. पंचम जॉर्जची तिकिटं हिंदुस्थानात १९११च्या डिसेंबरात आली, त्यामुळे जगातल्या पहिल्या हवाई टपालावर गेलेल्या राजाचा चेहरा आहे. आणि ते ६ आणे? पाकिटावर कुठेच नाहीत. जादा हशील रोख दिलं, त्याची खूण फक्त शिक्का. हे राइट-अपमध्ये, म्हणजे पानावरच्या माहितीच्या मजकुरात, पहिल्याच वाक्यात हवं.

पान ३वर १९६१ची सुवर्णमहोत्सवी तिकिटं ठेवायचा मोह झाला होता. काढली. पन्नास वर्षांनंतरची आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

२९ जून

१९२०. रॉयल एअर फोर्सने २४ जानेवारीपासून मुंबई–कराची साप्ताहिक टपाल सुरू केलं, काही आठवड्यांत बंद पडलं. अर्ध पान.

५ जुलै

पाऊस लागला. मोकळे अल्बम सगळे कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. पंचम जॉर्जच्या दोन तिकिटांच्या दातांवर तांबूस डाग दिसले. ती वेगळी काढली. या दिवसांत नाशिकच्या हवेत गोंद लगेच ओला होतो, म्हणून कोरी तिकिटं हातात घ्यायचीच नाहीत असा नियम आहे. पाकिटांवर काम करते.

१३ जुलै

पानं ४ ते ६, फ्रेमचा गाभा: १९२९चा संच.

हा संच आमच्या गावचा. १९२५पर्यंत हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून दे ला रू कंपनीकडून छापून येत. १९२६पासून ती नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागली. तीन वर्षांत त्याच प्रेसने ऑक्टोबर १९२९मध्ये सहा हवाई तिकिटं काढली: २ आणे गडद निळसर हिरवं, ३ आणे निळं, ४ आणे ऑलिव्ह, ६ आणे पिवळट तपकिरी, ८ आणे जांभळं, १२ आणे गुलाबी लाल. आराखडा आर. ग्रँट यांचा, छपाई ऑफसेट लिथोची. राजा आहेच, पण त्याच्या जोडीला जमीन, झाडं आणि वर डी हॅविलंड हर्क्युलिस विमान. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर तोवर राजाशेजारी दुसऱ्या कशाला जागा मिळत नव्हती.

आज ४ आण्यांचं तिकीट दिव्याखाली अर्धा तास पाहिलं. लिथोची शाई कागदावर सपाट बसते, बोटाला उठाव लागत नाही. त्याआधीच्या टायपोग्राफीच्या, म्हणजे उठावाच्या ठशाने छापलेल्या, तिकिटात मागून किंचित दाब जाणवतो, इथे काही नाही. विमानाच्या तिन्ही इंजिनांपैकी मधलं नाकावर आहे. भिंगातून ते एका टिंबाएवढं दिसतं, तरी गोल आहे. कागद उजेडात धरला की ताऱ्यांचं जलचिन्ह. या संचात छपाईचे दोन दोष प्रसिद्ध आहेत: एका ठिकाणी झाडाचा शेंडाच उठलेला नाही आणि दुसरीकडे ‘इंडिया’च्या पहिल्या अक्षराची टोकाची रेघ उलटी वळलेली. शेंडा नसलेलं माझ्याकडे आहे. राजा सोडून झाडाकडे पाहणारे लोक तिकीट संग्राहकच असू शकतात!

२० जुलै

काका येऊन तीन पानं पाहून गेले. सहाच्या सहा कोरी तिकिटं, पूर्ण गोंदासकट, काळ्या माउंटवर. मला वाटलं खूश होतील.

“छान आहेत. पण ही उडाली कुठे?”

“म्हणजे?”

“हवाई टपालाच्या विभागात बसतेस ना? कोरं तिकीट टपालाच्या खिडकीतून तुझ्या अल्बमात गेलं. विमान त्याने पाहिलंच नाही. पाकिटं लाव.”

बोलणं लागलं, पण पटलं. एक पान कोऱ्या तिकिटांचं, दोन पानं पाकिटांची. या विभागात गुण कुठे असतात हे मलाही माहीत आहे: मांडणीच्या दिसण्याला १००पैकी फक्त ५. अभ्यास आणि ज्ञानाला ३५.

२७ जुलै

पाकिटांची पानं. इथे वेळ जातो, आणि जावा असाच आहे.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने लंडन–कराची सेवा ३० मार्च १९२९ला सुरू केली. कराचीहून परतीचं पहिलं टपाल ७ एप्रिलला निघालं. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर हवाई टपाल होतं आणि हवाई तिकीट नव्हतं. त्या सहा महिन्यांतलं एक पाकीट माझ्याकडे आहे, साध्या पंचम जॉर्ज तिकिटांचं, निळ्या हवाई लेबलाचं. ते आधी लावलं, मग संच. क्रम असाच हवा: आधी सेवा, मग तिकीट.

मार्ग राइट-अपमध्ये नकाशासह द्यायचा आहे, कारण लोकांना वाटतं विमानात पत्र टाकलं की थेट लंडन. मुंबईतलं पत्र आधी रेल्वेने कराचीला. तिथून हर्क्युलिस विमानाने इराणचा किनारा, बसरा, बगदाद करत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला. पुढे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून इटलीत जिनोआला. जिनोआ ते स्वित्झर्लंडमधलं बाझल रेल्वेने! मध्ये आल्प्स आडवे. बाझलहून पुन्हा विमान, मग लंडनचा क्रॉयडन विमानतळ. सगळं मिळून सात दिवस. बोटीला दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. जादा आणे मोजायचे ते या वाचलेल्या दिवसांसाठी.

कोण मोजत होतं, हे माझ्या पाकिटांवरच दिसतं. एक कापूस व्यापाऱ्याच्या पेढीचं, लंडनच्या बँकेला. एक वकिलाच्या कचेरीतलं. घरगुती पत्र एकच, तेही अर्ध्या पानाचं असावं इतकं हलकं. वजनावर दर असल्याने लोक कागद पातळ वापरत, ओळी दाट लिहीत, समासातही मजकूर भरत.

ऑक्टोबर १९२९मध्ये, संच निघाला त्याच महिन्यात, ‘सिटी ऑफ रोम’ हे समुद्री विमान २६ तारखेला इटलीच्या स्पेझियाजवळ वादळात समुद्रात उतरलं आणि बुडालं. सातही जण गेले. ते हिंदुस्थानकडचं टपाल घेऊनच चाललं होतं. या विभागात ‘क्रॅश कव्हर’ नावाचा वेगळा प्रांत आहे: जळलेली, भिजलेली, तिकीट सुटून गेलेली पाकिटं, कडेला टपालखात्याचा खुलाशाचा शिक्का. त्यांना किंमत फार असते. माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यायला हात धजत नाही. एका ओळीत उल्लेख ठेवला.

दिल्लीची जोडणी ३० डिसेंबर १९२९ची. एक पाकीट, एक ओळ.

३ ऑगस्ट

पानं ७ ते ९: १५ ऑक्टोबर १९३२.

मराठी माणसाला इथे जरा जवळचं वाटतं. इंपीरियलचं टपाल कराचीपर्यंत यायचं, पुढे मुंबई-मद्रासला रेल्वे. टाटांनी ती जागा धरली. वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी योजना आणली, जे. आर. डी. टाटा मागे उभे राहिले आणि सरकारशी तीन वर्षं पत्रव्यवहार झाला. शेवटी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. स्वतः पुस मॉथ विमानात सुमारे २५ किलो टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. जुहूला उतरले, तिथून व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

बैलगाडीने विमानाला पेट्रोल पुरवावं ही गोष्ट सगळे सांगतात. मला जुहूची जास्त आवडते. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची पट्टी. पावसाळ्यात तिथे विमान रुतायचं, म्हणून पावसाळ्यापुरतं सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर. त्यामुळे या सेवेची पाकिटं लावताना तारीख पाहिल्याशिवाय मुंबईचा शिक्का मुंबईच्या विमानाला जोडू नये. पावसाळ्यातली दोन पाकिटं बाजूला काढून पान ९वर वेगळी लावली. एवढंसं असतं, पण परीक्षकाच्या नजरेत अशाच गोष्टी भरतात.

पहिल्या दिवसाचं माझं पाकीट कराची–मुंबई टप्प्याचं आहे. समोर छापील विमान, मागे मुंबईचा आगमनाचा शिक्का. काही जण फक्त दर्शनी बाजू दाखवतात. मी पान कापून खिडकी ठेवली आणि मागच्या शिक्क्याची छायाप्रत शेजारी लावली. छायाप्रत मूळ आकाराहून वेगळ्या आकाराची असावी लागते, नाहीतर मूळ वस्तू म्हणून खपवल्यासारखं दिसतं.

१० ऑगस्ट

राइट-अपचा पहिला खर्डा वाचला. फार बोलते आहे. एका पाकिटाखाली तीन ओळी, त्याहून नको. “ऐतिहासिक”, “अत्यंत दुर्मीळ” हे शब्द काढले. दुर्मीळ आहे की नाही ते पाहणारा ठरवेल.

१७ ऑगस्ट

पानं १० आणि ११. इथे तिकिटांची गंमत आहे आणि माझ्या फ्रेमचा मुद्दाही इथेच बसतो.

सहाव्या जॉर्जची १९३७ची मालिका. २ आण्यांवर टपाल हरकारा, अडीच आण्यांवर डाकेची बैलगाडी, ३ आण्यांवर टांगा, साडेतीनवर उंट, ४वर मेल गाडी, ६वर बोट, ८वर मोटार लॉरी आणि १२ आण्यांवर विमान. आठ तिकिटांत टपालाची सगळी वाहनं, स्वस्तापासून महागापर्यंत. नाशिकच्या प्रेसने काढलेली माझ्या मते सगळ्यात चांगली मालिका. मी ती उतरंडीसारखी एकाखाली एक लावली आहे, सगळ्यात वर विमान.

पण १२ आण्यांचं हे विमान हवाई तिकीट नाही. ते साधं तिकीट आहे, कशालाही चालायचं. आणि काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९३८मध्ये, ब्रिटिश साम्राज्याच्या हवाई टपाल योजनेत हिंदुस्थान आला. या योजनेत पहिल्या दर्जाचं पत्र आपोआप विमानाने जायचं, जादा हशील नाही. ब्रिटनमधून अर्ध्या औंसाला दीड पेनी. १९२९चा सगळा डोलारा ज्या जादा आण्यांवर उभा होता, ते आणेच गेले. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सप्टेंबर १९३९मध्ये योजना गुंडाळली, दर पुन्हा चढले. पण दिशा कळली होती.

आज पहिल्यांदा शेवट दिसला. फ्रेम जादा हशिलाची आहे: ते कसं आलं, आणि कसं संपलं. शीर्षकाच्या पानावर विमानाचं चित्र टाकणार होते, त्याऐवजी दरांचा तक्ता.

३१ ऑगस्ट

पानं १२ ते १४: स्वातंत्र्य.

१५ डिसेंबर १९४७चं १२ आण्यांचं तिकीट, चार इंजिनांचं डग्लस विमान. स्वतंत्र भारताच्या पहिल्या तीन तिकिटांपैकी एकावर विमान आहे. परदेशी हवाई पत्रांसाठी ते काढलं. दुसरं, २९ मे १९४८चं, तेही १२ आण्यांचं, काळं आणि गडद निळं: एअर इंडिया इंटरनॅशनलचं मुंबई–लंडन पहिलं उड्डाण. ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९२९नंतर हवाई टपालाचं खास म्हणून कॅटलॉगात नोंदलं गेलेलं भारताचं हे तिकीट.

माझं पाकीट त्याच विमानातलं, लंडनच्या पत्त्याचं. जिनिव्हाला उतरवलेलंही एक मिळालं होतं, पण त्याची घडी तिकिटातून गेली आहे. परतवलं.

या विमानाचं पुढचं फ्रेममध्ये बसत नाही, इथे लिहून ठेवते. ३ नोव्हेंबर १९५०ला हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाच्या वाटेवर आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आपटलं, ४८ जण गेले. जहाजांवर कामाला निघालेले भारतीय खलाशी त्यात मोठ्या संख्येने होते. विमानातलं टपाल बर्फात गाडलं गेलं आणि हिमनदीने त्यातलं काही अनेक वर्षांनी खाली आणून दिलं. जानेवारी १९६६मध्ये त्याच डोंगरावर एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान कोसळलं, ११७ जण, त्यात होमी भाभा. त्या विमानातली परराष्ट्र मंत्रालयाची एक थैली २०१२मध्ये सापडली. अशी पत्रं लिलावात येतात तेव्हा बोली लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मी क्रॅश कव्हरांपासून लांब राहते त्याचं कारण हेच आहे.

७ सप्टेंबर

पान १५ आणि १६: नागपूर.

३० जानेवारी १९४९पासून रात्रीची हवाई टपाल सेवा. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळनंतर एकेक डाकोटा विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरला भेटायची. धावपट्टीवर थैल्यांची अदलाबदल. मग प्रत्येक विमान आपल्या गावाला परत, पहाटेपर्यंत. नकाशा काढला की कळतं नागपूरच का: चारही रेघा तिथे देशाच्या मध्यावर भेटतात. प्रवासीही असायचे, ते झोपमोड सहन करून नागपूरला खाली उतरत. माझ्या आत्याच्या सासऱ्यांनी हा प्रवास केला होता. त्यांच्या आठवणीत टपाल नव्हतं, नागपूरचा गारठा होता.

१ एप्रिल १९४९ला पुढचं पाऊल. देशांतर्गत पत्रं, विमानाने लवकर पोचणार असतील तर, जादा हशील न घेता विमानानेच न्यायची. त्याच दिवशी पत्राचा साधा दर दीड आण्यावरून २ आणे झाला. काकांचं म्हणणं: “फुकट काही दिलं नाही सरकारने. जादा अर्धा आणा सगळ्यांच्या पाकिटात मुरवला.” बरोबर आहे. पण गडहिंग्लजच्या शिक्षकाचं पत्र आणि मुंबईच्या पेढीचं पत्र एकाच दराने विमानात चढायला लागलं, हेही तितकंच बरोबर आहे. १९२९च्या माझ्या पाकिटांत एकही शिक्षक नाही.

शेवटच्या पानासाठी पाकीट निवडायला त्रास झाला. पहिल्या रात्रीचं, छापील मजकुराचं पाकीट दिसायला भारी असतं. ते पान १५वर घेतलं. पान १६साठी मला अगदी साधं हवं होतं, आणि ते जुन्या बाजारातल्या दहा-दहा रुपयांच्या ढिगात मिळालं. मुंबई ते कलकत्ता, नोव्हेंबर १९४९. २ आण्यांचं लाल नटराज तिकीट, ऑगस्टमध्ये निघालेल्या पुरातत्त्व मालिकेतलं. समोर मुंबईचा १५ तारखेचा शिक्का. हवाई लेबल नाही, हवाई तिकीट नाही, विमानाचं चित्र नाही, कोणी हाताने काही लिहिलेलंही नाही. मागे कलकत्त्याचा शिक्का, १६ नोव्हेंबर. मेल गाडीने हे पत्र दुसऱ्या दिवशी तिथे पोचणं शक्य नव्हतं. रात्री नागपूरला थैली बदलल्याशिवाय ही तारीख जुळत नाही.

हवाई टपालाची फ्रेम अशा पाकिटावर संपवायची का, यावर काकांशी वाद झाला. “परीक्षक म्हणेल, यात हवाई काय आहे?”

“तेच त्याला विचारायला लावायचं आहे.”

“विचारेल आणि दोन गुण कापेल.”

“कापू दे.”

१४ सप्टेंबर

छपाई. १६० जीएसएमचा पांढरट कागद, अक्षर एकच, शीर्षकं मोठी नाहीत. मागची बाजू वाचता यावी अशी सगळी पाकिटं पारदर्शक कोपऱ्यांवर, चिकटपट्टी कुठेही नाही. पान १०वरची उतरंड दोनदा हलवली. विमान वर गेलं की बैलगाडी पानाच्या कडेला टेकत होती. शेवटी हरकाऱ्याला मध्ये ठेवून दोन रांगा केल्या. दिसायला बरं आहे.

मराठी राइट-अपला काही जण नाकं मुरडतात. जिल्हा प्रदर्शनात मराठी चालतं, आणि शाळकरी मुलं फ्रेमसमोर थांबून वाचतात ती मराठीच.

२७ सप्टेंबर

फ्रेम लागली होती, काढून आणली. रौप्य-कांस्य पदक.

परीक्षकांचं म्हणणं: १९३८चं पान अशक्त आहे, साम्राज्य योजनेची हिंदुस्थानातून बाहेर गेलेली पाकिटं हवीत, आणि प्रत्येकाखाली दर. मान्य. १९२९ची पाकिटांची पानं त्यांना आवडली, शेंडा नसलेल्या झाडासाठी त्यांनी स्वतःचं भिंग काढलं. पान १६जवळ ते थांबले, पाकीट उलटं दाखवणारी छायाप्रत वाचली, “हं” म्हणाले आणि पुढे गेले. काकांनी लगेच माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या वेळची यादी: फेब्रुवारी १९३८ ते ऑगस्ट १९३९ या काळातलं कराची किंवा मुंबईहून लंडनला गेलेलं पाकीट, शक्यतो शिक्के स्वच्छ. पुण्याच्या तळावरून पावसाळ्यात गेलेलं आणखी एक. मद्रासहून नागपूरमार्गे दिल्लीला गेलेलं १९४९चं साधं पत्र. कलकत्त्याच्या जोडीला ते हवंच. आणि काकांचा शेवटचा हप्ता, दिवाळीआधी.